लॅब्रॅडॉर, चार वर्षांचा मुलगा आणि विश्रामबागेतला फ्लॅट

पत्र:

नमस्कार. माझ्या मिस्टरांची बदली कोल्हापूरहून सांगलीला झाली आहे. घरात आम्ही दोघं, चार वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची लॅब्रॅडॉर कुत्री. विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके पसंत पडला. भाडं ११,००० आणि डिपॉझिट ४०,००० ठरलं होतं. कुत्री आणि लहान मूल आहे म्हटल्यावर मालकांनी आणखी २०,००० डिपॉझिट मागितलं. त्यातले १०,००० रंगकामाला कापणारच, असं आधीच सांगून टाकलं. शिवाय कुत्रीचे महिना १,००० वेगळे, तेही रोख. सोसायटीचे चेअरमन म्हणतात, कुत्र्याचे महिना ५०० द्या, कुत्र्याला लिफ्टमधून न्यायचं नाही, आणि मुलाची सायकल पार्किंगमध्ये ठेवायची तर १०० रुपये. दुसरीकडे शामरावनगरला एक बैठं घर ८,५०० ला मिळतंय, तिथल्या मालकांना कुत्रीचं काहीच नाही. मिस्टर म्हणतात, कटकट नको, पैसे देऊन टाकू. हे पैसे घ्यायचा यांना हक्क आहे का? आणि मी काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर:

नमस्कार ताई,

टोकन अजून दिलं नसेल तर दोन दिवस थांबा. घासाघीस करायची तुमची सगळी ताकद टोकन द्यायच्या आधीच आहे, नंतर ती मालकाकडे जाते.

आधी मागितलेल्या पैशांची दोन भागांत विभागणी करा: परत येणारे आणि न येणारे. कुत्रीचे १,०००, सोसायटीचे ५०० आणि सायकलचे १०० मिळून महिन्याला १,६०० होतात. अकरा महिन्यांचे १७,६००. त्यात रंगकामाचे १०,००० धरले की २७,६०० रुपये झाले. अडीच महिन्यांचं भाडं, आणि तेही कुत्रीने दाराला एक ओरखडासुद्धा काढलेला नसताना! मिस्टर ज्याला कटकट म्हणताहेत, ती कटकट एवढ्या रकमेची आहे, हे त्यांना कागदावर मांडून दाखवा.

आमचं म्हणणं असं की मालकाला कुत्रीची धास्ती वाटत असेल तर परत मिळणारं डिपॉझिट थोडं वाढवून द्या, पण दरमहा आकार कबूल करू नका. डिपॉझिट कापायचं तर मालकाला नुकसान दाखवावं लागतं. महिन्याचे हजार रुपये नुकसान झालं नाही तरी जातात, आणि झालं तर त्याचे पैसे मालक पुन्हा वेगळे मागतो. एकाच गोष्टीचे दोनदा पैसे होतात ते इथे.

आता हक्काचं. घर कुणाला द्यावं याची सक्ती मालकावर करणारा कायदा आपल्याकडे नाही. कुत्रा आहे म्हणून किंवा मूल आहे म्हणून तो सरळ नाही म्हणू शकतो, आणि त्यावर दाद मागायला जागा नाही. डिपॉझिटवरही आपल्या राज्यात मर्यादा नाही. 'कायद्याने दोनच महिन्यांचं डिपॉझिट' असं जे कानावर येतं, ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातलं आहे. तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. महाराष्ट्रात चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तेव्हा मालकासमोर दोन महिन्यांचा मुद्दा काढू नका. तो जाणकार असला तर पहिल्याच वाक्याला तुमची बाजू लंगडी पडेल.

पण सोसायटीची गोष्ट निराळी. तिला मालकाएवढी मोकळीक नाही. म्हणून मालकाशी बोलणी करायची आणि सोसायटीला नियम विचारायचा, असे दोन वेगळे सूर ठेवा.

मालकाशी बोलताना कुत्री नेमकं काय खराब करते हे तुम्हीच आधी सांगितलंत तर बोलणं लवकर सुटतं, कारण त्याच्या डोक्यात सगळं घर उद्ध्वस्त झाल्याचं चित्र असतं. तीन वर्षांची लॅब्रॅडॉर वयात आलेली असते, फर्निचर कुरतडायचा तिचा काळ बहुतेक सरलेला असतो. तिच्यामुळे घराचं होणारं नुकसान ठरावीक चार-पाच ठिकाणी असतं. मुख्य दाराचा आतला खालचा अडीच फूट भाग, कारण घरी कुणी नसलं की ती तिथेच पंजे मारते. गॅलरीच्या सरकत्या दाराची डासांची जाळी. फायबरची जाळी एका धक्क्यात चॅनेलमधून निघते, स्टीलची टिकते. बाथरूमची मोरी, कारण लॅबचे केस बारा महिने गळतात आणि आंघोळीचं पाणी तुंबतं. आणि फरशी. व्हिट्रिफाइड टाइल्सना लघवीने काही होत नाही, मात्र सांध्यांतल्या सिमेंटमध्ये वास मुरतो. संगमरवर असेल तर डाग पडून पॉलिश जातं, आणि ते पुन्हा करून घेणं महाग पडतं. फ्लॅटमध्ये कुठली फरशी आहे ते आजच बघा. हॉलमध्ये संगमरवर असला तर मालकाची भीती थोडी तरी खरी आहे, हे मान्य करून बोला.

यातलं बरंचसं टाळता येतं. दाराच्या खालच्या भागाला दोन बाय तीन फुटांची पारदर्शक ॲक्रिलिक शीट लावून घ्या. ती दुहेरी टेपने चिकटवणार असाल तर आधी कोपऱ्यात टेपचा तुकडा लावून आठवड्याने काढून बघा, कारण काही दारांचं पॉलिश टेपबरोबर निघून येतं. तसं होत असेल तर मालकाची परवानगी घेऊन चार स्क्रूंनी बसवा. मोरीवर बारीक भोकांची स्टीलची जाळी टाका आणि आंघोळीनंतर केस हाताने काढून कचऱ्यात टाका. लघवी झालेली जागा आधी कापडाने टिपा, मग एन्झाइम असलेल्या क्लीनरने पुसा. अमोनिया असलेला क्लीनर वापरलात तर कुत्रीला तो वास लघवीसारखाच लागतो आणि ती परत तिथेच जाते. ब्लीचिंगचं पाणी तर ताज्या लघवीवर अजिबात टाकू नका, त्यातून घशाला झोंबणारा विषारी वायू निघतो, आणि तुमच्या घरात लहान मूल आहे.

एवढं समोर मांडून मालकाला सांगा: वीस हजारांऐवजी एका महिन्याचं भाडं, म्हणजे ११,००० रुपये, जादा डिपॉझिट देतो. पूर्ण परतावा. नुकसान झालं तर दुरुस्तीचं बिल दाखवा आणि कापा. एक दार, एक जाळी आणि प्लंबरचा एक फेरा यांना ही रक्कम साधारण पुरते. संगमरवर असेल तर पंधरा हजारांपर्यंत जायला हरकत नाही. महिन्याच्या हजाराबद्दल मालक अडूनच बसला, तर शेवटचा पर्याय म्हणून भाडंच ११,५०० करून घ्या, पण ते करारात आणि बँकेतून. रोख हजारांची कुठेच नोंद नसते, दुसऱ्या वर्षी ते दीड हजार होतात आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसतं. मिस्टर जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत घेत असतील तर पावतीशिवाय रोख दिलेलं त्यातही धरता येत नाही.

रंगकामाचे १०,००० मात्र मुळीच मान्य करू नका. 'कापणारच' म्हटलं की ते डिपॉझिट राहत नाही, ती फी होते. शिवाय रंग जुना होतो तो कुणीही राहिलं तरी होतो. यासाठी एक साधा हिशोब करारात घालता येतो: रंगाचं आयुष्य चार वर्षं धरायचं. समजा मालकाने तुम्ही यायच्या आधी २४,००० खर्चून रंग दिला आणि तुम्ही ११ महिन्यांनी निघालात, तर ५,५०० रुपयांचा रंग वापराने जुना झाला, तो मालकाचा. मुलाने खडूने भिंत भरवली असेल तर उरलेल्या १८,५०० पैकी तेवढ्याच भिंतींचा हिस्सा तुमचा. रंग आधीच चार वर्षांपूर्वीचा असेल तर तुमच्याकडून रंगाचे पैसे घ्यायला काही उरतच नाही. हा नियम कायद्यात लिहिलेला नाही, दोघांनी मान्य करायचा आहे. पण समजूतदार मालक याला सहसा तयार होतो, कारण त्यालाही पुढच्या वर्षी भांडण नको असतं.

मुलासाठी भिंतीचं नुकसान कमी करायचा एक स्वस्त मार्ग आहे. ऑइल बाउंड डिस्टेंपर ओल्या फडक्याने घासलं की निघतं आणि तिथे पांढुरका ठिपका उरतो. धुता येणारं इमल्शन असेल तर मेणखडू साबणाच्या पाण्याने जातो. मालक रंग देणारच असेल तर मुलाच्या खोलीत आणि हॉलमध्ये इमल्शन द्या, फरकाचे पैसे आम्ही देतो, असं सांगून बघा. आणि रंगाच्या डब्यावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा: कंपनी, प्रकार, शेड नंबर. हा नंबर नसला की हातभर डागासाठी अख्खी भिंत रंगवावी लागते, कारण नुसत्या नजरेने शेड कधीच जुळत नाही.

आता सोसायटी. पहिला प्रश्न असा की ती खरंच सोसायटी आहे का? सांगली-मिरजेत आणि साताऱ्यातही बऱ्याच इमारती सहकारी संस्था म्हणून नोंदलेल्याच नसतात. त्या १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या असतात. तिथे डीड ऑफ डिक्लेरेशन, म्हणजे इमारतीचं नोंदवलेलं घोषणापत्र असतं आणि त्याला जोडलेले बायलॉज, म्हणजे नियम असतात. बोलण्यात मात्र दोन्हीला सोसायटीच म्हणतात आणि दोन्हीकडे चेअरमनच असतात. मालकाला विचारा: तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट आहे की डीड ऑफ अपार्टमेंट? शेअर सर्टिफिकेट असेल तर सहकारी संस्था. डीड ऑफ अपार्टमेंट असेल तर डिक्लेरेशनची प्रत मागा. ते नोंदणीकृत कागद असल्याने दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची नक्कल कुणालाही फी भरून मिळते, 'ते सापडत नाही' हे उत्तर चालवून घेऊ नका.

सहकारी संस्था असेल तर आकारणीचे नियम आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे मॉडेल बायलॉजमध्ये, स्पष्ट आहेत. पाण्याचा आकार फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि आकार पाहून ठरतो, माणसं किती यावर नाही. म्हणून 'लहान मूल आहे, पाणी जास्त लागणार' या सबबीला तिथे थारा नाही. लिफ्टचा आणि सेवाशुल्काचा भार सगळ्या फ्लॅट्सवर सारखा असतो. कुत्र्याचा आकार असा रकानाच नाही. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून संस्था घेऊ शकते ते फक्त ना-वहिवाट शुल्क, म्हणजे ज्याला सगळे नॉन-ऑक्युपन्सी म्हणतात ते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असता कामा नये, आणि सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. सेवाशुल्क महिना ९०० असेल तर ना-वहिवाट शुल्क जास्तीत जास्त ९० रुपये. तेही मालकाने भरायचं. चेअरमन उद्या म्हणाले की पाचशे कुत्र्याचे नाहीत, नॉन-ऑक्युपन्सीचे आहेत, तर हे गणित मालकाच्या हातात असू द्या.

कुत्री लिफ्टमधून नेण्याबाबत भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. बहुमताने ठराव करूनही सोसायटीने पाळीव प्राण्यांवर बंदी घालू नये, लिफ्ट नाकारू नये, लिफ्टसाठी वेगळे पैसे घेऊ नयेत, असं त्यात आहे. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये पाळीव प्राण्यांना सरसकट बंदी करणारी रहिवासी संघटनांची कलमं बेकायदा ठरवली. हे वाचून कुणाच्या अंगावर धावून जाऊ नका. मंडळाच्या सूचना म्हणजे सूचनाच आहेत, आणि केरळचा निकाल आपल्याकडे दाखला म्हणून दाखवता येतो, बंधनकारक नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: या सूचना सोसायटीला उद्देशून आहेत. त्या दाखवून मालकाला घर द्यायला भाग पाडता येत नाही.

त्याच सूचनांत कुत्रा पाळणाऱ्यांनाही कर्तव्यं सांगितली आहेत, आणि आमच्या मते निम्मी भांडणं तिथेच मिटतात. जिन्यात आणि लिफ्टमध्ये पट्टा हातात, तोही आखूड धरलेला. लिफ्टमध्ये आधीच कुणी असेल आणि घाबरत असेल तर पुढच्या फेरीला जा. शी उचलायला कागद आणि पिशवी खिशात असलीच पाहिजे. सांगलीत सकाळी दारापुढे सडा-रांगोळी असते, आणि तिथे घाण झाली की त्या बाईंचा राग वर्षभर जात नाही. तो रास्तही आहे. सगळ्यात मोठा वाद मात्र गॅलरीचा. कुत्रीला गॅलरीत सोडून नंतर पाण्याने धुतलं की ते पाणी पन्हळीतून खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातं. तिसऱ्या मजल्यावरून तर दोन घरांवर. अडचणीच्या वेळी बाथरूमची सवय लावा, गॅलरीची कधीच नको. आणि तुम्ही दोघं बाहेर असताना ती भुंकते का, हे पहिल्या आठवड्यातच समोरच्या काकूंना स्वतःहून विचारा. तक्रार यायच्या आधी विचारलेलं लोक लक्षात ठेवतात.

कुत्रीचा रेबीजचा डोस आणि लेप्टोसह (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा रोग) बाकीच्या लसी दरवर्षीच्या आहेत, त्या पुस्तिकेची झेरॉक्स सेक्रेटरींना आपणहून द्या. महापालिकेच्या आरोग्य विभागात कुत्र्याच्या नोंदणीबद्दलही विचारून घ्या. आपल्या निष्काळजीपणामुळे कुत्रीपासून माणसाला इजेचा धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा होऊ शकतो. लॅब्रॅडॉर प्रेमळ असते म्हणून पट्टा सोडू नका. तिने अंगावर उडी मारून म्हातारं माणूस पडलं तरी प्रश्न तोच.

सायकलचे १०० रुपये मागितले तर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव दाखवा म्हणा. ठराव असेल आणि तो सगळ्यांच्या मुलांना सारखा लागू असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त भाडेकरूच्या मुलाला असेल तर मालकाने लेखी हरकत घ्यावी. चार वर्षांच्या मुलाची सायकल तशीही घरात राहते.

मालकानेच हरकत का घ्यायची, तर तुम्ही संस्थेच्या सदस्य नाही. तुमचा अर्ज उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे गेला तरी पहिला प्रश्न 'तुम्ही सभासद आहात का' हाच येईल. त्यामुळे सोसायटीचे सगळे आकार मालक भरेल, हे वाक्य करारात असलं की चेअरमनना उत्तर द्यायचं काम आपोआप मालकाकडे जातं, आणि पाचशे रुपये स्वतःच्या खिशातून जाणार म्हटल्यावर तो ते देईल असं वाटत नाही. आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवावं लागतं, तेही मालकाने.

करार नोंदणीकृतच हवा. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. महाराष्ट्रात ते खरं नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकाची असते. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वाद झाला तर अटींबद्दल तुमचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि परतावा डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असतं. तुमचं भाडं अकरा महिन्यांचं १,२१,०००. डिपॉझिट ४०,००० आणि ११,००० मिळून ५१,०००, त्याचं अकरा महिन्यांचं व्याज ४,६७५. बेरीज १,२५,६७५, त्याचे ०.२५ टक्के ३१४ रुपये. भरताना साडेतीनशे-चारशे धरून चला. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. याखेरीज थोडं हाताळणी शुल्क आणि एजंटची मजुरी. एजंटने एकच ठोक आकडा सांगितला तर सरकारी किती आणि त्याचे किती, हे वेगवेगळं लिहून मागा. तो लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, दोन साक्षीदार लागतात, आणि सगळ्यांची आधार कार्डं.

इथेच एक चूक वारंवार होते. एजंटकडे तयार मसुदा असतो, तो तोच टाकतो, आणि जादा अटी घालायला सांगितल्या की 'फॉर्म फिक्स आहे' म्हणतो. फिक्स नसतो, अटी टाइप करता येतात. त्याचा वेळ जातो म्हणून तो टाळतो. अंगठा लावायच्या आदल्या दिवशी मसुदा मोबाइलवर मागवा आणि खालचा मजकूर त्यात आहे का ते वाचा:

'भाडेकरूच्या कुटुंबात दोन प्रौढ, एक मुलगा (वय ४) व एक पाळीव लॅब्रॅडॉर कुत्री (वय ३, रेबीज लसीकरण झालेली) आहे, हे घरमालकास माहीत असून सर्वांच्या वास्तव्यास त्यांची संमती आहे. यासाठी भाड्याव्यतिरिक्त कोणताही मासिक आकार घेतला जाणार नाही. घरमालकाने रु. ४०,००० व जादा रु. ११,००० अशी एकूण रु. ५१,००० परतावा ठेव घेतली आहे. त्यातून फक्त ताबा यादीत नमूद नसलेल्या नुकसानीची रक्कम, दुरुस्तीच्या बिलाप्रमाणे, कापली जाईल. नेहमीच्या वापराने झालेली झीज नुकसान धरली जाणार नाही. रंगकामाचे आयुष्य ४ वर्षे धरले जाईल. संस्थेचे अथवा असोसिएशनचे सर्व आकार घरमालक भरतील. कुत्रीबाबत तक्रार आल्यास घरमालक लेखी कळवतील व सुधारण्यासाठी १५ दिवस देतील. शिल्लक ठेव किल्ल्या परत केल्यापासून ७ दिवसांत भाडेकरूच्या बँक खात्यात जमा केली जाईल.'

एजंट 'भाडेकरू'च्या जागी दुसरा शब्द घालेल, घालू द्या. आशय बदलू देऊ नका. पंधरा दिवसांची अट विशेष जपा, कारण एखाद्या शेजाऱ्याच्या फोनवरून 'महिन्यात खाली करा' असं होतं ते ती नसल्यामुळेच. करार नोंदला की इंडेक्स टूसह (नोंदणीचा सरकारी गोषवारा) पूर्ण प्रत घ्या आणि भाडेकरूची माहिती विश्रामबाग पोलीस ठाण्यात दिली गेल्याची पोच मालकाकडून मागून घ्या. मुदत संपायच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचं बोला. मुदत संपूनही राहिलात तर कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागू शकतो आणि तेवढ्या काळाचं भाडं दुप्पट लागू शकतं.

ताबा घेताना सामान चढवायच्या आधी अर्धा तास द्या. दिवसाउजेडी, मालकाला बरोबर घेऊन, मोबाइलवर एक सलग व्हिडिओ काढा. प्रत्येक दार उघडून-मिटून, आणि खालचा भाग खाली वाकून जवळून. आधीच्या भाडेकरूंचे ओरखडे तिथे हमखास असतात, आणि तुम्ही निघताना ते लॅब्रॅडॉरच्या नावावर चढतात. जाळ्या, फरशीच्या भेगा, भिंतीवरचे खिळे, ओल आलेले कोपरे. बाथरूममध्ये एक बादली पाणी ओतून ते किती वेळात जातं ते दाखवा. आधीच तुंबत असेल तर ते आजच यादीत आलं पाहिजे. मीटरचं रीडिंग. यादी दोन प्रतींत, दोघांच्या सह्या, आणि व्हिडिओ त्याच दिवशी मालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे तारीख राहते. मुलासाठी गॅलरीच्या आणि खिडकीच्या गजांमधलं अंतर टेपने मोजा. दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर राहायला जायच्या आधी जाळी बसवून घ्या. गच्चीच्या दाराला कुलूप आहे का आणि टाकीचं झाकण बसतं का, हेही बघा. यासाठी पैसे कोण देणार यावर ताबा अडवू नका, पण काम झाल्याशिवाय मुलाला तिथे नेऊ नका.

शामरावनगरच्या घराचंही बघू. महिन्याला अडीच हजार कमी आणि कुत्रीला अंगण, हे खरंच मोठं आहे. पण हा भाग सखल आहे, पावसाचं पाणी तिथे साचून राहतं, त्याला कृष्णेला पूर यावा लागतोच असं नाही. मालकाला विचारण्यापेक्षा शेजारच्या दोन घरांत विचारा: जुलैमध्ये गल्लीत पाणी किती दिवस असतं, घरात किती चढतं, संडासचं पाणी उलटं येतं का? भिंतीवर २०१९ ची आणि २०२१ ची पाण्याची खूण कुठे आहे ते दाखवायला सांगा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ आहे. साचलेल्या पाण्यातून कुत्रीला फिरवायचं म्हणजे लेप्टोचा धोका, कारण उंदराची लघवी त्याच पाण्यात असते, आणि तेच पाय घरात मुलाच्या अंथरुणावर येतात. बैठ्या घरात पाणी शिरलं तर मूल कडेवर घेऊन निघता येतं. तीस किलोची कुत्री घेऊन कुणाकडे जायचं, हे आधी ठरलेलं नसतं. जोतं रस्त्यापासून तीन फूट वर असेल आणि शेजारी म्हणाले की घरात पाणी कधी आलं नाही, तर तेच घर घ्या, आम्हीही तेच सुचवू. करारात एवढं घाला की पुरामुळे घर राहण्याजोगं नसेल तेवढ्या दिवसांचं भाडं लागणार नाही. जोतं रस्त्याच्या पातळीला असेल तर विश्रामबागच बरं, थोडे जास्त गेले तरी.

डिपॉझिटचा शेवटचा हप्तासुद्धा रोख देऊ नका. बँकेतून पाठवताना शेऱ्यात 'परतावा डिपॉझिट' असं लिहा. निघायच्या महिनाभर आधी लेखी कळवा, आणि किल्ल्या द्यायच्या पंधरा दिवस आधी मालकाला घर बघायला बोलावून काय दुरुस्त करायचं ते विचारा. मोरी साफ करणं, जाळी बदलणं, खडूचे डाग पुसणं ही कामं तुम्ही स्वतः करून घेतलीत तर निम्म्या पैशांत होतात. तरीही सात दिवसांत पैसे आले नाहीत तर स्पीड पोस्टाने पोच-पावतीसह पत्र पाठवा आणि त्यात करारातलं कलम, रक्कम आणि पंधरा दिवसांची मुदत लिहा. त्यानंतरही हालचाल झाली नाही तर विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि दावा दाखल करण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत समझोत्यासाठी ठेवता येतं. म्हणून करारात भाडेकरू म्हणून मिस्टरांबरोबर तुमचंही नाव घाला. एजंटला त्यासाठी फक्त तुमचं आधार आणि अंगठा जादा लागेल.